दोल्मोरीला खाष्टपणा शिकवणारी

बान मिरानबद्दल दोल्मोरीत, दक्षिण कोरियाच्या किनाऱ्यावरच्या त्या खेड्यात, पहिल्यांदा जे कुजबुजलं गेलं ते असं, की तिचा सुन्चोन शहरात एक माणूस आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी ती आपल्या पार्लरला कुलूप घालते, गडद लिपस्टिक लावते, उंच टाचांचे बूट चढवते आणि सकाळच्या पहिल्या बसने जाते. परत येते ती संध्याकाळच्या शेवटच्या बसने, तोंड गळपट्ट्यात खुपसून, कुणाशी चकार शब्द न बोलता. एवढ्यावरून माणूस काढणं काही अवघड नाही. पण नुसत्या अंदाजावर समाधान मानेल तर ते दोल्मोरी कसलं! सरपंचांच्या बायकोची मावसबहीण सुन्चोनच्या बाजारात लसूण विकायची. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एका इमारतीच्या वरच्या मजल्याच्या खिडकीत मिरान, समोर पांढऱ्या कपड्यातला पुरुष, आणि त्याने हिची हनुवटी धरलेली.

"हनुवटी?" कालवं फोडायच्या शेडमधल्या सगळ्या सुऱ्या थांबल्या.

"हनुवटी. अशी." सरपंचीणबाईंनी शेजारच्या हाम आजींची हनुवटी धरून दाखवली. हाम आजी ऐंशीच्या पुढच्या. बऱ्याच वर्षांत त्यांची हनुवटी कुणी धरली नव्हती, त्यामुळे त्यांनी ती लगेच सोडवून घेतली नाही.

पांढरे कपडे म्हणजे नौदलातला अधिकारी, असं शेडमध्ये ठरलं. दुपारच्या जेवणापर्यंत त्याला बायको मिळाली होती, आणि अंधार पडेपर्यंत तीन मुलं.

सोलचं ऑलिंपिक होऊन पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मिरान चाळिशीला टेकलेली. वीस वर्षं बुसानमध्ये दुसऱ्यांच्या पार्लरात तिने दुसऱ्यांच्या नावाने केस कापले होते. लग्न झालं होतं, मोडलं होतं, मूलबाळ नव्हतं. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती म्हणजे स्वतःच्या नावाची पाटी. धक्क्याजवळ गावाच्या मालकीचं जुनं जाळ्यांचं गोदाम रिकामं पडलं होतं, ते सरपंच यांगनी तिला वर्षाच्या कराराने दिलं. तिने आतली खारट भिंत तीनदा रंगवली, आरसा लावला, दोन खुर्च्या मांडल्या आणि दारावर गुलाबी अक्षरांत पाटी लावली: ‘मिरान पार्लर’. पाटी लावून झाल्यावर ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि तिथून बराच वेळ पाटीकडे बघत उभी राहिली. हेही गावाने पाहिलं. "वाट बघतेय कुणाची तरी," असं त्याचं भाषांतर झालं.

नव्या माणसाने करायचं ते तिने सगळं रीतसर केलं. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वड्या, वर लाल चवळीचा जाड थर, असं घरोघरी वाटलं. प्रत्येक घरी स्वतः गेली, वाकून नमस्कार केला, ताटली दोन्ही हातांनी दिली. वड्या दोल्मोरीने खाल्ल्या. हाम आजींनी तर दोन घरच्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी ताटल्या परत आल्या त्या धुतलेल्या, पुसलेल्या आणि रिकाम्या.

आता ज्या गावात चार पेरूएवढे बटाटे, मूठभर सुकी मासळी, काही नाही तर मुरवलेल्या कोबीच्या किमचीची एक फोड तरी ठेवल्याशिवाय शेजारणीची ताटली परत जात नाही, तिथे रिकामी ताटली म्हणजे काय हे मिरानला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने त्या ओळीने फळीवर रचल्या. सगळ्याच्या सगळ्या. मग आरशासमोरच्या खुर्चीत बसून स्वतःचेच केस विंचरले, कारण दुसरं कुणाचं डोकं नव्हतं.

या सगळ्याची सूत्रधार होती मालसुन, महिला मंडळाची अध्यक्षा. तिला नावाने कुणी हाक मारत नसे. थोरला मुलगा तेशिक, म्हणून ती तेशिकची आई. तेशिकची आई म्हणजे गावचा आवाज. साठीची, ठेंगणी, भक्कम, कालवं फोडण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही आणि माणसं फोडण्यातही नाही. तिच्या मनात पहिल्यापासून काही होतं असं नव्हे. पण मिरान हसायची ती तोंडावर हात ठेवून. दोल्मोरीच्या बायका हसतात तेव्हा पडजीभ दिसते.

"आपल्यासमोर दात दाखवायला शहरच्या बाईला कमीपणा वाटतो," तेशिकची आई म्हणाली, आणि तिथे निकाल लागला.

शिवाय पुरुषांचं झालं. दोल्मोरीतले पुरुष तोवर वर्षातून तीनदा केस कापून घेत, तेही बायकोने कात्री घेऊन मागे लागल्यावर. मिरान आली आणि त्यांचे केस अळूसारखे वाढायला लागले. जो तो मानेवरून हात फिरवत म्हणे, "फारच वाढलेत, नाही?" तेशिकच्या वडिलांना तर टक्कल होतं. तेही महिन्यात दोनदा गेले.

"काय कापलं हो तुमचं?" तेशिकच्या आईने जेवताना विचारलं.

"कडेकडेने," ते म्हणाले आणि ताटात बघत राहिले.

त्यानंतरच्या आठवड्यात मिरान आपण होऊन तिच्या घरी गेली. म्हणाली, "तेशिकची आई, एकदा या की पार्लरला. पहिला पर्म माझ्याकडून. छान कुरळे करून देते." चांगल्या मनाने गेली होती. तेशिकची आई गोड हसली, बरं म्हणाली, आणि मिरान फाटकातून बाहेर पडते न पडते तोच मागून तिच्या पाठीवर जाड मिठाची मूठ येऊन आदळली. पुन्हा पाय वळू नये म्हणून नकोशा पाहुण्याच्या मागे टाकतात तसं मीठ. मिरान वळली नाही. तिने रस्त्याच्या वळणापर्यंत ताठ चालत जाऊन मग कॉलर झटकली. घरी जाऊन पाहिलं तर अंतर्वस्त्रापर्यंत मीठ गेलेलं. "हात मोठा आहे बाईचा," ती आरशाला म्हणाली.

असं दोन वर्षं चाललं. बायका पर्म करायला बसने तालुक्याला जात, पण धक्क्यावर पाय ठेवत नसत. मिरानचं पोट पुरुषांच्या मानेवर आणि खाडीपलीकडच्या गावातल्या म्हाताऱ्यांवर चाललं होतं. आणि त्या वर्षी मंडळाने सरपंचांकडे अर्ज दिला, की ते गोदाम आम्हाला किमचीचे रांजण ठेवायला हवं आहे. वर्षअखेरच्या गावसभेत निर्णय व्हायचा होता. गावसभेत घरटी एक मत. मिरानचं घर कुणी घरात धरलंच नव्हतं. मिरानने ते ऐकलं आणि पाटी पुसायला घेतली. ती रोज पुसत असे, पण त्या दिवशी जरा जास्तच वेळ पुसली.

इकडे गावाच्या समाजमंदिरात रोज संध्याकाळी काय चालायचं तेही सांगायला हवं. ऊबदार जमिनीवर, एकाच मोठ्या रजईखाली पाय घालून दोल्मोरीच्या सगळ्या बायका टीव्हीसमोर बसत. मालिका होती उन्जू नावाच्या एका तरुण विधवेची. ती सोलहून एका किनाऱ्यावरच्या गावात येते, खानावळ काढते, आणि तिथल्या बायका तिला जगू देत नाहीत. मासळीच्या वखारीची एक मालकीण त्यांची म्होरकी.

"हिचं वाटोळं होईल," तेशिकची आई पडद्यावरच्या मालकीणबाईकडे बोट रोखून म्हणे. "एवढीशी पोर, परक्या गावात एकटी. जरा म्हणून दया नाही!" आणि पदरात नाक शिंकरल्यासारखं ओंजळीत नाक शिंकरून घेई.

"माणसं नव्हेत ती," सरपंचीणबाई म्हणत.

एकदा मिरान संत्र्यांची पेटी घेऊन तिथे आली होती. दार उघडलं, आणि रजईखालचे सगळे पाय एकदम पसरले. बसायला वीतभर जागा उरली नाही. कुणीतरी म्हणालं, "आज वारा उत्तरेचा आहे." संत्री ठेवून ती गेली. मग उन्जूला कुणीतरी ढकललं म्हणून सगळ्या रडल्या, आणि रडत रडत संत्री सोलली.

आणि नेमकी हीच मालिका चित्रीकरणासाठी दोल्मोरीत आली.

सरपंचांनी सकाळच्या भोंग्यावरून जाहीर केलं, की शेडमध्ये एक प्रसंग घेणार आहेत आणि गावातल्या बायकांना त्यात काम मिळेल. त्या दिवशी तालुक्याच्या बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक सोन साहेब शेडमध्ये शिरले तर समोर नव्या कोऱ्या पर्मच्या ओळी. सगळ्यांची डोकी एकाच साच्यातून काढल्यासारखी, अंगात लग्नातले रेशमी पोशाख, आणि हातात कालवं फोडायच्या सुऱ्या.

"अहो आई, लग्नाला नाही जायचं," सोन साहेब कळवळून म्हणाले. सडपातळ, चष्मेवाला, थंडीने नाक लाल झालेला सोलचा मुलगा तो. "रोजचे कपडे घाला. डोक्याला फडकी बांधा."

"फडकी?" तेशिकची आई म्हणाली. "पर्मवर?"

शेवटी फडकी बांधली गेली, पण पुढचे कुरळे तेवढे बाहेर ठेवून.

प्रसंग साधा होता. उन्जू पदार्थाची ताटली घेऊन येते, बायकांना देऊ बघते, आणि बायका तिला तोडून टाकतात. कॅमेरा सुरू झाला. उन्जूचं काम करणारी मुलगी दारात आली, थंडीने कुडकुडत. तेशिकची आई ताडकन उठली.

"ये गं बाई, ये. किती गारठलीस! इथे बस, शेगडीजवळ. सरक की गं तू!"

"कट!" सोन साहेब ओरडले. "आई, ती तुम्हाला आवडत नाही."

"कोण म्हणतं? रोज बघतो आम्ही हिला."

दुसऱ्यांदा मालकीणबाईंचं काम करणाऱ्या नटीने मध्ये येऊन उन्जूच्या हातातली ताटली हिसकावली आणि तिला धक्का दिला. त्याबरोबर कोपऱ्यातून हाम आजी उठल्या. कालवं फोडताना घालायचा ओला रबरी हातमोजा काढून त्यांनी तो नटीच्या पाठीत असा फटकावला की ती बिचारी शिंपल्यांच्या ढिगावर बसली.

"दोन वर्षं बघतेय तुझी थेरं!" हाम आजी म्हणाल्या. "पोरीला आई नाही म्हणून कुणीच नाही वाटलं काय?"

नटीची पाठ चोळून झाली. चहा झाला. सोन साहेबांनी डोकं धरलं. मग हात जोडून म्हणाले, "आई, मावशी, आजी, सगळ्यांना सांगतो. असं समजा, की गावात एक परकी बाई आली आहे. तुम्हाला ती नको आहे. तुम्ही काय कराल? तेवढंच करा."

सगळ्यांनी तेशिकच्या आईकडे पाहिलं.

तेशिकच्या आईने छातीवर हात ठेवला. "साहेब, तेच तर अवघड आहे. आम्ही साधी माणसं. आमच्या गावात असं कुणी कुणाशी वागतच नाही. जमायचं कसं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. सरपंचीणबाईंनी तर डोळेही पुसले.

तेव्हा मागून हसू आलं. बघायला जमलेल्या गर्दीत, अगदी दाराशी, मिरान उभी होती. तोंडावर हात होता, पण खांदे गदागदा हलत होते आणि हसणं बोटांच्या फटींतून बाहेर येत होतं.

"तुम्ही," सोन साहेब चिडून म्हणाले. "हसायला काय झालं? तुम्ही इथल्याच का?"

"छे, ती आमच्या गावची नाही," तेशिकची आई पटकन म्हणाली.

आणि म्हणाल्याक्षणी तिला कळलं की आपण काय बोललो. सगळ्यांनाच कळलं. सरपंच यांग दाराआडून मिरानला दोन्ही हातांनी खुणा करायला लागले. गप्प बस, घरी जा, सभा तोंडावर आहे. खुणा मिरानला समजल्या. गोदाम तिला हवं होतं, पाटी तिला हवी होती. आता मान खाली घालून निघून गेलं तर सभेत कदाचित कुणाला दया येईलही, हे तिच्या मनात आलं. पण दयेवर टांगलेल्या पाटीखाली रोज उभं राहायचं, हेही मनात आलं. ते काही तिला आवडलं नाही.

ती पुढे आली.

"साहेब, यांना जमेल," ती म्हणाली. "फार चांगलं जमेल. तुमची सांगायची रीत चुकतेय. ढकलणं, हिसकावणं हे शहरातलं. मी सांगू का यांना?"

सोन साहेब इतके टेकीला आले होते की त्यांनी बोकडालाही हो म्हटलं असतं. "सांगा!"

मिरान तेशिकच्या आईसमोर उकिडवी बसली. दोघींच्या मध्ये शिंपल्यांचा ढीग.

"तेशिकची आई, तुम्ही उठायचं नाही. सुरी थांबवायची नाही. ती आली तरी तिच्या तोंडाकडे बघायचं नाही. तिच्या बुटांकडे बघायचं. टाचांपासून सुरू करायचं आणि गुडघ्यापर्यंत येऊन सोडून द्यायचं."

तेशिकच्या आईचा चेहरा लाल व्हायला लागला.

"बाकीच्यांनी मोठमोठ्याने बोलत असायचं. ती दारात आली की एकदम थांबायचं. मोजून श्वास घ्यायचा. मग कुणीतरी हवेबद्दल बोलायचं. सरपंचीणबाई, तुम्ही म्हणा. काय म्हणायचं आठवतंय ना?"

"मला?" सरपंचीणबाई चाचरल्या. "मला काय आठवणार?"

"आज वारा..."

"...उत्तरेचा आहे," सरपंचीणबाईंच्या तोंडून आपोआप निघालं, आणि त्यांनी तोंडावर हात मारला.

"बघा साहेब. लगेच जमलं," मिरान म्हणाली. "तिला बसायला जागा दिसली की पाय पसरायचे. हाम आजी, तुम्ही तिच्या वड्या घ्या. दोनदा घ्या. खा. पण चांगल्या झाल्यात म्हणायचं नाही."

"आणि ताटली?" सोन साहेब आता वहीत भराभर लिहून घेत होते.

"ताटली दुसऱ्या दिवशी परत. धुऊन पुसून. रिकामी."

"रिकामी म्हणजे? रिकामीच असणार ना?" सोलचा मुलगा तो, त्याला कुठून कळणार. पण कॅमेऱ्यामागचा पिकल्या केसांचा माणूस खेड्यातला असावा. त्याने दातांतून श्वास ओढला आणि म्हणाला, "साहेब, हे घ्याच. माझी आई असती तर टीव्ही बंद केला असता तिने."

"आणि शेवटी," मिरान उठत म्हणाली, "ती पाठ वळवून निघाली, की मीठ. तेशिकची आई, मूठ कशी टाकायची ते मी तुम्हाला काय शिकवणार! फक्त कॉलरच्या आत जाईल अशी टाका. आत गेलं की दिवसभर खुपत राहतं."

आता तेशिकच्या आईची अवस्था बघा. ‘आम्ही असं केलं नाही’ म्हणावं, तर ते आत्ताच दिमाखात म्हणून झालं होतं. ‘केलं’ म्हणावं, तर सोलची पंचवीस माणसं समोर. ‘मी काम करत नाही’ म्हणावं, तर कुरळे करून घेतलेलं डोकं, आणि तेशिकला फोन करून सांगून ठेवलेलं की आई टीव्हीवर दिसणार. तिने मिरानकडे पाहिलं. मिरानने तिच्याकडे. मग तेशिकच्या आईने खाली मान घालून सुरी उचलली.

"चला," ती म्हणाली. "एकदाच करीन."

एकदाच लागलं. उन्जू आली, बोलणी थांबली, वारा उत्तरेचा झाला, पाय पसरले. हाम आजींनी दोन वड्या खाल्ल्या आणि ओठ पुसले. तेशिकच्या आईची नजर बुटांवरून चढत गुडघ्यापर्यंत आली आणि गुडघ्याला काही किंमत नसल्यासारखी निघून गेली. मीठ उडालं. कॉलरच्या आत गेलं. उन्जूचं काम करणारी मुलगी खरंच रडली, आणि कट म्हटल्यावरही तिला थांबता येईना.

सोन साहेबांनी तेशिकच्या आईचे दोन्ही हात धरले. "आई, तुम्ही जन्मजात नटी आहात! इतकं खरं! कुठून आणलंत हे?"

तेशिकची आई काही बोलली नाही. दोल्मोरीच्या इतिहासात असं प्रथमच झालं.

भाग दाखवला गेला त्या संध्याकाळी समाजमंदिरात रजई कमी पडली. उन्जूच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा सवयीने चार-पाच नाकं वर ओढली गेली, आणि मग पडदाभर तेशिकच्या आईचा चेहरा आला. रोज जिला शिव्या द्यायच्या ती मालकीणबाई या चेहऱ्यापुढे देवमाणूस वाटत होती. कुणी रडलं नाही. कुणी शिवी दिली नाही. द्यायची कुणाला? मीठ उडालं, आणि कोपऱ्यातला फोन वाजला.

"आई, अगं ती तू?" तेशिक सोलहून एवढ्याने ओरडत होता की रजईखालच्या सगळ्यांना ऐकू गेलं. "ते मीठ कसं टाकलंस! माझी होणारी सासू बघत होती. ती विचारतेय, तुझी आई घरी पण अशीच आहे का?"

खरी मजा पुढे झाली. तालुक्याच्या बाजारात तेशिकची आई कोबी घ्यायला गेली तर कोबीवालीने गड्डा मागे ओढला. "तू तीच ना? उन्जूवर मीठ टाकणारी? माझा माल तुला नाही." बसमध्ये एका म्हातारीने तिला कोपर मारलं. आणि ज्या पार्लरात ती इतकी वर्षं पर्म करून घेत होती, तिथल्या बाईने कात्री खाली ठेवली. "ताई, राग मानू नका, पण माझी गिऱ्हाइकं तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसायला तयार नाहीत." आपल्याकडे नटीला खरी खुनशी समजून बाजारात मारायला धावणाऱ्या बायकांना सगळे हसतात. मीही हसतो. या खेपेला तेवढं हसता आलं नाही, कारण बायकांचं बरोबर होतं.

डोक्यावरचे कुरळे तीन आठवड्यांत मावळले. आणि नेमका त्याच वेळी तेशिकच्या होणाऱ्या सासरच्यांनी निरोप धाडला, की दोन्ही घरच्यांनी भेटावं, आम्ही मुलाच्या आईला समोरासमोर बघू इच्छितो. आता सरळ, चपट्या, पांढऱ्या केसांनी विहिणीसमोर जाऊन बसायचं आणि आपण दुष्ट नाही हे पटवायचं, हे तेशिकच्या आईच्यानेही होण्यासारखं नव्हतं.

दुपारी, धक्क्यावर वर्दळ नसताना, मिरान पार्लरचं दार उघडलं.

मिरान मासिक चाळत होती. तिने मान वर केली. तेशिकची आई उंबऱ्यातच उभी.

"वारा उत्तरेचा आहे," तेशिकची आई म्हणाली. तिला दुसरं काही सुचलंच नाही.

"मग दार लावून घ्या," मिरान म्हणाली. "बसा."

रोलर गुंडाळले जाऊ लागले. औषधाचा उग्र वास सुटला. आरशात दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या, पण आरसा एकच होता.

"तू साहेबांना सांगू शकली असतीस," तेशिकची आई म्हणाली. "नाव घेऊन. सगळ्यांसमोर."

"मग तुम्हाला एवढं चांगलं काम नसतं मिळालं."

तेशिकच्या आईच्या नाकातून काहीतरी आवाज निघाला. रडणं की हसणं ते तिचं तिलाच ठाऊक. "ते मीठ," ती म्हणाली, "फार खुपलं होतं का गं?"

"दोन दिवस," मिरान म्हणाली. "मान वाकडी करू नका, औषध डोळ्यांत जाईल."

माफीचा शब्द एकीनेही काढला नाही. दोल्मोरीत तो शब्द वापरायची फारशी पद्धत नाही. मात्र निघताना तेशिकची आई पाटीखाली थांबली, वर बघितलं आणि म्हणाली, "रंग उडालाय थोडा. आमच्या घरी होडीचा रंग उरलाय. पाठवते आमच्या यांना. नाहीतरी डोक्यावर केस नाहीत, हाताला तरी काम होईल." दुसऱ्या दिवशी सरपंचीणबाई आल्या. तिसऱ्या दिवशी रांग लागली.

गावसभा भरली तेव्हा सरपंच यांगनी घसा साफ करून मंडळाचा अर्ज वाचायला घेतला. किमचीच्या रांजणांपर्यंत आले असतील, तोच तेशिकची आई उभी राहिली. डोकं असं कुरळं आणि घट्ट, की त्यावर आपटून नारळ फुटावा.

"सरपंच, तो अर्ज ठेवा खाली. आधी माझ्या डोक्याकडे बघा. सगळ्यांनी बघा. तालुक्याला असा कधी झाला होता? विहीणबाईंनी विचारलं, कुठे करता म्हणून! म्हटलं, आमच्या गावात. आमच्या घरच्यासारखी आहे."

"पण अर्जावर पहिली सही तुमचीच आहे," सरपंच म्हणाले.

"मग? हात माझा, सही माझी. खोडली."

हाम आजी मागून ओरडल्या, "आणि वसंतात ते टीव्हीवाले पुन्हा येणारेत! आम्हाला शिकवायचं कुणी? या खेपेला मला बोलायचं काम पाहिजे. नुसत्या वड्या नाही खाणार मी."

हात वर झाले. एकूण एक. तेशिकच्या वडिलांनी तर दोन्ही केले. मग सरपंच दरवर्षीसारखं घरांची नावं पुकारू लागले. ज्याचं नाव येईल त्याने ‘हजर’ म्हणायचं आणि गावाने मान डोलवायची. टेकडीकडची घरं झाली, विहिरीकडची झाली, धक्क्याकडची झाली. सरपंच थांबले, चष्मा वर सरकवला, आणि पुकारलं:

"बान मिरान."

मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली मिरान सरपंचांकडे बघतच राहिली. तेशिकची आई मान वळवून ओरडली, "अगं मिरान, हजर म्हण की! का तेही शिकवायचं तुला?"

"हजर!" मिरान म्हणाली, आणि हसली. हात खाली ठेवून, मोठ्याने, पडजीभ दिसेपर्यंत. दोल्मोरीने तिचे दात तेव्हा पहिल्यांदा पाहिले. पांढरेशुभ्र होते, एका ओळीत. हाम आजींनी शेजारणीला कोपर मारून विचारलं, "एवढे चांगले दात आणि दोन वर्षं झाकून का ठेवले हिने?"

सुन्चोनच्या त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. हिरड्यांच्या दुखण्याने मिरानचे पुढचे दात पडले होते, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी ती तिथे दात बसवून घ्यायला जात होती. पांढऱ्या कपड्यातला माणूस म्हणजे तिथला डॉक्टर.